दुसरा अल्बम आवडला नाही, हे मित्राला कसं सांगू?

पुण्यातल्या एका ३१ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. इंजिनिअरिंगला तिच्या वर्गात असलेल्या चार मुलांनी मराठी रॉक बँड काढला. हडपसरला एका मित्राच्या वडिलांचं पत्र्याचं गोडाउन होतं, तिथे सराव चालायचा. ही पहिल्या दिवसापासून सोबत होती. कार्यक्रमांना टी-शर्ट विकायला बसली, केबल गुंडाळल्या, पोस्टर चिकटवली. सहा वर्षांपूर्वी पहिला अल्बम आला: नऊ गाणी, दणदणीत गिटार, घसा फोडून गाणं. नंतर कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, गिटारवाला बंगळूरला गेला. दुसऱ्या अल्बमसाठी बँडनं वर्गणी मागितली तेव्हा हिनं ३,००० रुपये दिले. आता तो अल्बम आला आहे. गिटार जवळजवळ गायब, ड्रमच्या जागी मशीन, गाणी संथ, आवाज कुजबुजल्यासारखा.

बँडचा गायक तिचा जवळचा मित्र. त्यानं तीनदा विचारलं, ‘कसा वाटला?’ तिनं तिन्ही वेळा ‘अजून नीट ऐकला नाही रे, धावपळ चालू आहे’ म्हणून वेळ मारून नेली. जुन्या श्रोत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निवेदन फिरतं आहे: ‘आम्हाला आमचा जुना आवाज परत द्या, नाहीतर अल्बमच्या पहिल्या कार्यक्रमाला आम्ही येणार नाही.’ त्यावर पहिली सही हिची असावी, असा आग्रह आहे. नवरा म्हणतो, ‘गाणीच तर आहेत, एवढं काय?’ ती विचारते, खरं सांगून मैत्री घालवू, की खोटं बोलून मैत्री टिकवू?

*

प्रिय मैत्रिणी,

‘मला तू म्हणा, तुम्ही म्हटलं की ऑफिसात बसल्यासारखं वाटतं,’ असं तू पत्रातच लिहिलं आहेस, म्हणून तू म्हणते.

तुला वाईट वाटलं यात पोरकट काहीच नाही, हे आधी सांगते. ‘गाणीच तर आहेत’ हे मला पटलेलं नाही. ज्या गाण्यांच्या जोरावर माणूस केटीचा पेपर काढतो, पहिला प्रेमभंग निभावतो, परक्या शहरातल्या पहिल्या खोलीत पहिली रात्र काढतो, ती गाणी त्याच्या घरातली होऊन जातात. सहा वर्षं वाट पाहिलेला अल्बम रात्री बारा वाजता हाती आला, हेडफोन लावून अंधारात बसलीस आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत पोटात खड्डा पडला, असं तू लिहिलंस. तो खड्डा माझ्या ओळखीचा आहे.

मी १९९६ साली एकोणीस वर्षांची होते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज ९५ ची सीडी आली होती. तिच्यात ‘फन स्टफ’ नावाच्या फोल्डरमध्ये वीझर नावाच्या अमेरिकन बँडचा एक व्हिडिओ होता. काडेपेटीएवढ्या चौकटीत, अडखळत चालणारा. सर जेवायला गेले की आम्ही तो लावायचो. लॉस एंजेलिसच्या चार साध्यासुध्या मुलांचा बँड, आणि गाणं असं की दिवसभर डोक्यातून जायचं नाही. त्यांचा पहिला अल्बम मे १९९४ मध्ये आला होता. निळ्या पार्श्वभूमीवर चौघे ओळीत उभे आहेत म्हणून लोक त्याला निळा अल्बमच म्हणतात. द कार्स या बँडचा रिक ओकासेक त्याचा निर्माता. गिटार जाडजूड, पण चाली गोड, सगळं कसं घासूनपुसून ठेवल्यासारखं. अमेरिकेतल्या मावसभावानं मला त्याची कॅसेट पाठवली. ती ऐकून ऐकून फीत गुंतायची आणि मी पेन्सिलनं ती परत गुंडाळायची.

मग त्यानंच दुसऱ्या अल्बमची कॅसेट पाठवली. नाव ‘पिंकर्टन’. वर हिरोशिगेचं जुनं जपानी चित्र: रात्र, बर्फ, वाकून चालणारी माणसं. मी दार लावून ऐकायला बसले. पहिल्याच गाण्यात कर्कश घरघर, ढोल अंगावर आल्यासारखे, आणि तो ओळखीचा गोड आवाज किंचाळत होता. चाली होत्या, पण खरवडून काढल्यासारख्या. गाणाऱ्याची लाज, हाव, एकटेपण सगळं उघडं टाकलेलं. पहिली बाजू मी पुरती ऐकली. दुसरी अर्धवट. मला फसवल्यासारखं वाटलं.

आणि मग मी जे केलं ते तुला सांगायचं आहे. विकत घेतलेल्या कॅसेटवर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून वरच्या कडेला दोन खाचा असतात, एकेका बाजूसाठी एकेक. खाच चिकटपट्टीनं बुजवली की त्या बाजूवर रेकॉर्ड करता येतं. मी दुसऱ्या बाजूची खाच बुजवली आणि रेडिओवरची गाणी तिच्यावर भरली.

ज्याच्यावर मी एवढी चिडले होते तो माणूस त्या काळात काय करत होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. रिव्हर्स कुओमो, वीझरचा गायक आणि गीतकार. जन्मापासून त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. पहिला अल्बम गाजल्यावर, १९९५ मध्ये, त्यानं पायाची शस्त्रक्रिया करून घेतली. हाड मोडून पायाभोवती लोखंडी सांगाडा बसवायचा आणि महिनोन्‌महिने त्याला रोज थोडा थोडा ताण देत हाड वाढवायचं, असा तो प्रकार. त्याच वर्षी तो हार्वर्डला शिकायला गेला. ज्याची गाणी एमटीव्हीवर दिवसरात्र चालू होती, तो कॉलेजच्या आवारात काठी टेकत एकटाच वर्गात जायचा. अंतराळात घडणारा एक रॉक ऑपेरा त्यानं अर्ध्यावर टाकून दिला होता. तो पुच्चिनीचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा, म्हणजे सगळं गाण्यातून सांगणारं नाटक, ऐकत होता. जपानी मुलीशी लग्न करून तिला वाऱ्यावर सोडणारा त्यातला अमेरिकन नौदल अधिकारी म्हणजे पिंकर्टन. कुओमोनं स्वतःला त्या माणसाच्या जागी ठेवलं, आणि नायकाच्या नव्हे, खलनायकाच्या नावानं अल्बम काढला. यावेळी ओकासेक नव्हता, निर्मिती बँडनं स्वतःच केली. अल्बमचा खडबडीतपणा निष्काळजीपणा नव्हता. त्यांना तो तसाच हवा होता.

एक गाणं तर पत्रावरच आहे. जपानहून एका अठरा वर्षांच्या चाहतीचं पत्र त्याला त्या एकटेपणात मिळालं, त्यातून ते झालं. आज ते ऐकताना मला त्या मुलीची काळजी वाटते. तिच्याकडे पाहण्याची त्या गाण्याची नजर मला खटकते आणि ती खटकायलाच हवी असं मला वाटतं. पण एका श्रोत्याचं पत्र कलाकाराच्या किती आत जाऊन बसतं, हेही त्या गाण्यात दिसतं. तुमच्या ग्रुपवर जे निवेदन फिरतं आहे ते वाचताना मला हेच सारखं आठवत होतं.

कारण पुढे जे झालं ते असं. ‘पिंकर्टन’ २४ सप्टेंबर १९९६ ला आला आणि अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत १९व्या क्रमांकावर अडकला. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्या वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांच्या यादीत त्याला तिसरं स्थान दिलं. दोन वर्षांत बास वाजवणारा मॅट शार्प बँड सोडून गेला. कुओमोनं एका काळात खोलीच्या भिंती काळ्या रंगवल्या, खिडक्या उजेड येणार नाही अशा बंद केल्या आणि फोनची तार काढून ठेवली. २००१ मध्ये तिसरा अल्बम आला. निर्माता पुन्हा ओकासेक. मुखपृष्ठावर पुन्हा चौघे ओळीत उभे, फक्त रंग हिरवा. दहा गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपणारी. ‘जुनं परत द्या’ म्हणणाऱ्या सगळ्यांना जुनं परत मिळालं. अल्बम चांगला खपला. त्यातले गिटारचे सोलो कान देऊन ऐक. बहुतेक ठिकाणी गिटार गाण्याचीच चाल पुन्हा वाजवते, तिच्या बाहेर पाऊल टाकत नाही. मला तो आवाज एकदा पोळलेल्या माणसाचा वाटतो. ‘पिंकर्टन’ ही आपली फार मोठी, दुखरी चूक होती, असं त्याच सुमाराला कुओमो स्वतः मुलाखतीत सांगत होता.

आणि त्याच काळात दुसरीकडे तो अल्बम हळूहळू पोरांच्या हातोहात फिरत होता. ज्या मासिकाच्या वाचकांनी त्याला धुतलं होतं त्याच मासिकानं २००४ मध्ये त्याला पाचपैकी पाच तारे दिले. २०१० मध्ये बँडनं एक दौरा काढला: एका रात्री निळा अल्बम अख्खा, दुसऱ्या रात्री ‘पिंकर्टन’ अख्खा. ज्या गाण्यांची लाज वाटायला लावली होती, ती भरलेल्या सभागृहांनी शब्दन्‌शब्द म्हटली. २०१६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, अमेरिकेत त्याची दहा लाखांच्या विक्रीची नोंद झाली.

‘थांब, तुलाही वीस वर्षांनी आवडेल,’ असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. तसं सांगणं लबाडीचं ठरेल, कारण त्याच्या उलटही घडतं. मँचेस्टरच्या द स्टोन रोझेसचा पहिला अल्बम १९८९ चा. तो ऐकून एक अख्खी पिढी नाचली. मग जुन्या कंपनीशी करारावरून कोर्टकचेरी, वर्षानुवर्षं स्टुडिओ, आणि दुसरा अल्बम डिसेंबर १९९४ मध्ये. पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं, त्यातली पहिली चारेक मिनिटं ओढ्याचं पाणी आणि कसले कसले आवाज. पहिल्या अल्बमची गाणी गायक इयन ब्राउन आणि गिटारवाला जॉन स्क्वायर या दोघांनी मिळून लिहिली होती. दुसऱ्याची बहुतेक एकट्या स्क्वायरची, आणि त्याची गिटार आता लेड झेपेलिन या सत्तरच्या दशकातल्या दणदणीत रॉक बँडच्या वाटेनं गेलेली. ज्या ठेक्यावर लोकांनी जीव टाकला होता तो त्या गिटारीखाली दबला. १९९५ मध्ये ड्रमर रेनी गेला, १९९६ च्या वसंतात स्क्वायर गेला, आणि ऑक्टोबरात बँड संपला. त्या अल्बमचेही चाहते आहेत. मी त्याला तीन वेगवेगळ्या दशकांत तीनदा संधी दिली आणि मला तो अजूनही एकमेकांशी बोलणं सोडलेल्या चार माणसांचा अल्बम वाटतो. म्हणजे कधी श्रोते चुकतात, कधी बँड चुकतो. अल्बम आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात यातलं काय झालंय हे कुणालाच कळत नाही. तुलाही नाही, आणि तुझ्या मित्रालाही नाही.

आता तुझ्या पत्राकडे येते. मी ते चारदा वाचलं.

ग्रुपवरच्या तक्रारी तू जशाच्या तशा उतरवल्यास, बरं केलंस. एक म्हणतो, ‘हे पैशासाठी विकले गेले.’ त्याच्याच खाली दुसरा म्हणतो, ‘असली गाणी कोण ऐकणार, दहा माणसंसुद्धा येणार नाहीत.’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पैसा हवा असता तर पोरांनी गणपतीत वाजेल असं काहीतरी केलं असतं. कुजबुजत्या आवाजातली सहा-सहा मिनिटांची मराठी गाणी काढून कुणाचे हप्ते फिटत नाहीत. ‘विकले गेले’ हा आपल्या तोंडात बसलेला शब्द आहे. राग आला की तो आपोआप येतो. तुझ्या मनात खरोखर काय आलं, ते त्या शब्दाखाली शोध.

दुसरं. ‘आमचा आवाज,’ असं तू पाच वेळा लिहिलं आहेस. एकदाही ‘त्यांचा आवाज’ नाही. मी यात दोष काढत नाही. त्या गोडाउनमध्ये तू घाम गाळलास, केबल गुंडाळल्यास, तो आवाज तुझाही आहेच. पण जरा आठव, तो होता कसा? पत्र्याच्या छपराखाली ड्रमचा आवाज दुप्पट होऊन अंगावर यायचा, म्हणून गिटार वाढवायची, म्हणून गायकानं ओरडायचं. शेजारी वस्ती नाही, घरी जायची घाई नाही, वय बावीस. ती गाणी रेकॉर्ड होण्याआधी तीन वर्षं कॉलेजांच्या मैदानांवर वाजत होती. ज्या ओळीवर पोरं उड्या मारत नसत ती ओळ गळून जायची. जवळजवळ प्रत्येक बँडचा पहिला अल्बम असाच, वर्षानुवर्षं लोकांसमोर घोटून घोटून तयार झालेला असतो. दुसऱ्याला तो वेळ मिळत नाही आणि तो घोटायला ती गर्दीही नसते.

आणि तू पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहून गेली आहेस: ‘त्याला मुलगी झाली, म्हणून यावेळी सगळं रेकॉर्डिंग त्याच्या फ्लॅटवर रात्रीच केलं, गिटारवाल्यानं बंगळूरहून फाइली पाठवल्या.’ मी ती वाचून थांबले. अगं, सगळं उत्तर तिथेच आहे. दोन बेडरूमचा फ्लॅट, आतल्या खोलीत तान्हं बाळ, भिंतीपलीकडे शेजारी. तिथे ड्रम लावणार कुठे? मशीनच येणार. आणि रात्री एक वाजता, पलीकडे लेक झोपलेली असताना, बाप ओरडून गाणार कसा? तुला जी कुजबुज खोटी वाटली, ती कदाचित त्याच्या आजच्या आयुष्याचा खराखुरा आवाज असेल. त्यानं पुन्हा बावीस वर्षांच्या मुलासारखं ओरडून दाखवलं असतं, तर तेच नाटक झालं असतं.

असं असूनही तुला अल्बम आवडला नाही, तर नाही आवडला. कारण समजलं म्हणजे गाणं आवडलंच पाहिजे असं नाही. कंटाळवाणं गाणं बाळामुळे कंटाळवाणं झालं तरी कंटाळवाणंच. फक्त तीन गोष्टी वेगळ्या ठेव. ‘मला आवडलं नाही’ हे तुझं आहे, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. ‘अल्बम वाईट आहे’ हे मत आहे, त्याला दाखले द्यावे लागतात. ‘त्यांनी आम्हाला फसवलं’ हा आरोप आहे, आणि तो करण्यासारखं काही मला तुझ्या पत्रात दिसलं नाही. तू दिलेले ३,००० रुपये अल्बम व्हावा म्हणून दिले होतेस. अल्बम झाला. काय गायचं हे ठरवण्याचा हक्क त्या पैशात नव्हता, आणि देताना तुझ्याही मनात तसं काही नव्हतं, हे तुझ्या पत्रातूनच कळतं.

मित्राला खरं सांग. तीनदा टाळलंस, म्हणजे त्याला निम्मं कळलंच असणार. सोळा महिने राबून काहीतरी केलेल्या माणसाला ‘धावपळ चालू आहे’ हे ‘आवडलं नाही’पेक्षा जास्त लागतं. आणि खोटं ‘भारी आहे रे’ म्हणालीस तर पुढच्या वेळी तू मनापासून म्हटलेलं ‘भारी’ही त्याच्यासाठी बिनकामाचं होईल. मात्र सांगण्याआधी एक काम कर.

ग्रुप दोन दिवस म्यूट कर. अल्बम एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐक, चालताना किंवा स्वयंपाक करताना नको, आणि स्पीकरवर ऐक, कारण हेडफोनवर तू पहिल्या रात्रीचा राग ऐकशील. हातात कागद-पेन असू दे. जिथे मन उडालं तिथे वेळ लिही: चौथं गाणं, दोन मिनिटं दहा सेकंद. जिथे मान वर झाली तिथलीही वेळ लिही. बाकी काही लिहू नकोस. मग कागद ठेवून दे आणि दुसऱ्या दिवशी बघ. बहुतेकदा असं दिसतं की ‘सगळाच अल्बम वाया गेलाय’ असं वाटत होतं, आणि कागदावर मात्र पाच-सहा नेमक्या जागा आहेत. त्या जागा म्हणजे तुझं खरं मत. आवडेपर्यंत दहा-दहा वेळा ऐकायचा हट्ट करू नकोस. तशानं गाणी सवयीची होतात आणि सवयीलाच आपण आवड समजतो.

बोलायला बसशील तेव्हा निकाल देऊ नकोस, त्या जागा सांग. ‘चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर मी बाहेर पडले, मला तिथे काहीतरी फुटेल असं वाटत होतं आणि ते फुटलंच नाही.’ असं ऐकून माणूस विचार करतो. ‘पूर्वीची मजा नाही राहिली’ असं ऐकून फक्त खचतो. आणि तुझं स्वतःचं दुःख आहे तेही मोकळेपणानं सांग: ‘मला गोडाउनमधले तुम्ही चौघं आठवतात, ते दिवस संपले याचं मला रडू येतं.’ मला वाटतं त्यालाही येत असेल. ते त्यानं नव्या गाण्यांत घातलंय की नाही, हे तू त्यालाच विचार. तो दुखावला जाईल का? कदाचित, आठवडाभर. जो तुझ्यापाशी तीनदा आला तो टाळ्या मागायला आला नव्हता. त्या त्याला दुसरीकडेही मिळतात.

‘पुढच्या अल्बममध्ये पुन्हा जुन्यासारखं कर,’ एवढं मात्र म्हणू नकोस. तुला काय आवडलं नाही ते सगळं सांग, पण त्याला परतीची वाट दाखवू नकोस. तो ऐकेल, यात मला शंका नाही. तू पहिल्या दिवसापासूनची आहेस. तो बंगळूरच्या मित्राला सुट्टी काढायला लावेल, कुठलं तरी गोडाउन भाड्यानं घेईल, तिशी ओलांडलेली चार माणसं बावीस वर्षांची असल्यासारखी वाजवतील, आणि तू पहिल्या रांगेत उभी राहून म्हणशील, ‘काहीतरी कमी आहे.’

म्हणून त्या निवेदनावर सही नको. त्यातलं प्रत्येक वाक्य सभ्य आहे, मी पाहिलं, पण पन्नास जणांनी मिळून लिहिलं की त्याची धमकी होते. पन्नास जणांचं मत एकसारखं असूच शकत नाही, ते फक्त ज्यानं मसुदा लिहिला त्याचं असतं. ग्रुपवर एवढंच लिही की तुला जे वाटलं ते तू स्वतः त्याच्याशी बोलणार आहेस, ज्यांना सांगायचं आहे त्यांनीही आपापलं सांगावं. तुला भित्री म्हणतील, म्हणू देत. आणि कार्यक्रमाला जायचं की नाही हा प्रश्न निवेदनापासून वेगळा कर. मन नसेल तर जाऊ नकोस, पण ते मन नाही म्हणून, धडा शिकवायचा म्हणून नव्हे. मला विचारशील तर जा. ज्या गाण्यांना अजून मैदान मिळालेलं नाही ती लोकांसमोर पहिल्यांदा वाजणार आहेत. पहिल्या अल्बमची गाणी जिथे घडली तिथे तू होतीस. ही गाणीही तशीच थोडी बदलतील, आणि कोणत्या ओळीला सभागृह गप्प होतं हे तुला दिसेल.

या पत्राच्या निमित्तानं मला आणखी काही जणांनी असंच विचारलं आहे. त्यांचा बँड मित्राचा नाही, हजारो मैल लांबचा, कधी न भेटलेल्या लोकांचा आहे. त्यांना सांगते, तुमचं काम सोपं आहे, तुम्हाला कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचं नाही. आवडलं नाही तर मित्रांशी तासन्‌तास भांडा, लिहा, जुना अल्बम लावा. तो कुणी तुमच्याकडून काढून घेतलेला नाही. फक्त आल्या रात्रीच कलाकाराच्या नावाला जोडून शिवी टाकू नका. महिनाभर थांबा आणि मग लिहा. लिहायचं असेल ते तेव्हाही सुचेल, आणि तेव्हा ते जास्त नेमकं असेल.

माझ्या कॅसेटचं राहिलं. साधारण बारा वर्षांनी एका मैत्रिणीच्या घरी ‘पिंकर्टन’ लागलेला होता. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. शेवटचं गाणं आलं: साधी गिटार, घरघर नाही, आणि एक माणूस हळू आवाजात माफी मागतोय. मी मैत्रिणीला विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, तुझ्याकडे तर होती की ही कॅसेट. होती. त्या गाण्याच्या जागी माझ्याकडे तेव्हाच्या रेडिओवरची, नंतर कधीच न ऐकलेली कुठलीशी जाहिरात होती. बाकीचा अल्बम मला आजही अधूनमधून त्रास देतो. ते एक गाणं मात्र माझं आहे, आणि मला ते बारा वर्षं उशिरा मिळालं.

तुझ्या पत्रात आठ गाण्यांबद्दल तक्रार आहे. अल्बममध्ये गाणी नऊ आहेत. सातव्याबद्दल तू अवाक्षर लिहिलेलं नाहीस, फक्त एका ठिकाणी ‘सातवं दोनदा ऐकलं’ एवढंच. मित्राला फोन कर, मेसेज नको, आणि सातव्यापासून सुरुवात कर. लेक झोपली असेल तर तो गॅलरीत जाऊन बोलेल. तेवढा वेळ फोन धरून ठेव.